दुखणं टाकीचं, भोगणं कासवाचं

शोभेच्या माशांची दुकानं कुर्ल्याला आहेत आणि क्रॉफर्ड मार्केटातही. हार्बर लाइनवर रे रोड या दोन्हींच्या मध्ये येतं. त्यामुळे पाण्याच्या पिशवीतलं, तळहाताच्या खळग्यात मावणारं हिरवंगार कासव घरी आणणं इथल्या पोरांना फार सोपं. पिल्लू तेवढा प्रवास सहज सोसतं. पुढचं मात्र त्याला सोसत नाही. लाकडाच्या वखारींमागची चाळ असो की पोर्ट ट्रस्टची क्वार्टर्स, कपाटावर एक काचेची टाकी येते. तिच्यात ऊन येत नाही, वर चढून अंग सुकवायला जागा नसते आणि खायला रोज त्याच डबीतली सुकी कोलंबी. सहा-आठ महिने सगळं ठीक दिसतं. मग एके दिवशी कासव डोळेच उघडत नाही आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, झोपलंय वाटतं.

ते झोपलेलं नसतं. पाळलेल्या कासवांच्या बहुतेक दुखण्यांत जंतू नंतर येतात, आधी बिघडलेली असते ती टाकी. म्हणून नुसत्या औषधानं बरं झालेलं कासव त्याच टाकीत परत सोडलं, की महिन्या-दोन महिन्यांत त्याच तक्रारीसाठी पुन्हा डॉक्टरांच्या टेबलावर येतं.

उपचारांच्या आधी घरात नेमकं कोणतं कासव आहे ते पाहायला हवं. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, दुकानात सर्रास मिळणारं कासव म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. नीट वाढलं तर मादी फूटभर लांब होते आणि वीस-तीस वर्षं जगते, हे विकताना कुणी सांगत नाही. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं जमिनीवरचं स्टार कासव आणि पावसाळ्यात कुठेतरी सापडतं ते मऊ पाठीचं पाणकासव ही दोन्ही आपल्याकडची. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार ही दोन्ही आता पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्यानं वाघाच्या पंगतीला बसलेली आहेत. ती घरात ठेवणं हा गुन्हा असून त्याला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. घरात ‘लक्ष्मी यावी’ म्हणून कुणी स्टार कासव आणून दिलं असेल आणि ते आजारी असेल, तर त्याच्यावर घरी प्रयोग न करता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. देवळात गाभाऱ्यासमोर असतं ते दगडी कासव. त्याला मुंबईची दमट हवा बाधत नाही. कोरड्या माळरानावरच्या स्टार कासवाला ती बाधते आणि बहुधा छातीतच भरते.

यापुढचं सगळं मुख्यतः स्लायडरबद्दल आहे. जखमेचं आणि प्रथमोपचाराचं मात्र सगळ्याच कासवांना लागू पडतं.

कासव दुखणं लपवतं. कुत्रं कण्हतं, मांजर कोपऱ्यात जाऊन बसतं. कासव आधीच गप्प आणि हळू, त्यामुळे ते आणखी गप्प झालेलं कळायला पंधरा दिवस जातात. त्याच्या शरीराची चालच मंद, म्हणून न खाताही ते आठवडेच्या आठवडे तग धरतं आणि माणसाची फसगत होते. यावर साधा उपाय म्हणजे वजन. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा घ्यायचा (पिठाचा नको, वेगळा घ्या, कारण पुढे येईल), आठवड्यातून एकदा कासव पुसून त्यावर ठेवायचं आणि आकडा कॅलेंडरवर लिहायचा. वाढत्या पिल्लाचा आकडा दोन-तीन आठवडे सरकला नाही किंवा उतरला, तर वरून काहीही दिसत नसलं तरी आत काहीतरी आहे. डॉक्टरांनाही हा कागद फार उपयोगी पडतो.

आता डोळे. दोन्ही पापण्या सुजून फुगल्या आहेत, कासव पुढच्या पायानं डोळे पुसल्यासारखं करतंय, अन्न तोंडाशी आलं तरी पकडत नाही, हे चित्र डॉक्टर फार वेळा पाहतात. यामागे बहुधा अ जीवनसत्त्वाची कमतरता असते. अंड्यातून बाहेर येताना पिल्लू या जीवनसत्त्वाचा थोडा साठा यकृतात घेऊन येतं आणि तो काही महिने पुरतो. ‘पहिले सहा महिने तर मस्त होतं’ असं लोक म्हणतात ते यामुळेच. साठा संपला की डोळ्याभोवतालच्या ग्रंथींचं आतलं नाजूक, ओलं अस्तर जाड आणि कोरडं होत जातं. त्याचे सुटलेले पापुद्रे नळ्यांत साचतात, ग्रंथी तुंबते, पापणी फुगते आणि शेवटी डोळा बंद होतो. त्यावर जंतू चढतात ते नंतर. पाण्यातलं कासव नजरेनं भक्ष्य हेरतं आणि पाण्यातच गिळतं. डोळे मिटले की त्याचं खाणं थांबतं, खाणं थांबलं की कमतरता वाढते. असं ते चक्र.

घरातली माणसं इथे माणसांचे डोळ्यांचे थेंब घालतात. त्यानं मूळ कारणाला काही होत नाही, आणि त्या थेंबांत स्टेरॉइड असलं तर नुकसानच होतं. दुसरं टोक म्हणजे मेडिकलमधून अ जीवनसत्त्वाची कॅप्सूल आणून फोडून पाजणं. हे जीवनसत्त्व चरबीत विरघळतं, शरीरात साठून राहतं, आणि जास्त झालं तर कासवाच्या मानेची, पायांची कातडी सोलून निघते. पन्नास-साठ ग्रॅमच्या जिवाला माणसाची गोळी म्हणजे काय, याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. आपल्या हातात आहे ते ताट. लाल भोपळा, गाजराचा कीस, लाल माठ, राजगिऱ्याची किंवा शेवग्याची कोवळी पानं हे सगळं भायखळ्याच्या भाजीबाजारात बारमाही मिळतं. पिल्लं मांसाहाराकडे झुकलेली असतात, मोठी होतात तशी पाल्याकडे वळतात. म्हणून चांगल्या प्रतीचं कासवांसाठीचं तयार खाद्य, त्याला भाजीपाल्याची जोड आणि अधूनमधून ताजी कोलंबी किंवा गांडूळ, असं मिश्रण हवं. सुकट-जवळा हा खाऊ, जेवण नव्हे. पोळी, भात, दूध, बिस्किट यांतलं काहीही कासवाचं नाही.

अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं दुसरं रूप कानाशी दिसतं. डोळ्याच्या मागे, जबड्याच्या वर एक टेंगूळ येतं. कधी एका बाजूला, कधी दोन्हीकडे, एखाद्यानं गालात सुपारी धरावी तसं. ते मध्यकर्णातलं गळू असतं. ते पिकून फुटेल म्हणून वाट पाहू नये, फुटत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू आपल्यासारखा पातळ होत नाही, घट्ट आणि चिवट राहतो. त्यामुळे शेक, पोटीस, नुसती अँटिबायोटिक्स यांचा उपयोग फारसा नाही. डॉक्टर भूल देऊन कानाच्या पडद्यावर छेद घेतात आणि आतला पिवळट गोळा चिमट्यानं अख्खाच्या अख्खा बाहेर ओढतात. मग ती पोकळी सलाईननं धुऊन जखम उघडी ठेवतात, म्हणजे ती आतून भरत येते. गोळा केवढा निघाला हे पाहून मालकाला धक्काच बसतो, कारण एवढं डोक्यात बाळगून ते कासव कालपर्यंत पोहत होतं.

मुंबईत खरी टंचाई आहे उन्हाची. शहरात ऊन भरपूर आहे, फक्त ते टाकीपर्यंत पोचत नाही. सूर्यप्रकाशातले अतिनील-ब किरण कातडीवर पडले की शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याच्या जोरावर अन्नातलं कॅल्शियम हाडांत जातं. खिडकीची साधी काच नेमके हेच किरण अडवते. काचेआड उबेला बसलेलं कासव गरम होतं, पण त्याच्या हाडांना त्यातून काही मिळत नाही. रक्तातलं कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून ओढून घेतं, आणि कासवाचं सगळ्यात मोठं हाड म्हणजे त्याचं कवच. मग कवच दाबलं तर लवतं, कडा वर वळतात, पाय वाकडे होतात, जबडा रबरासारखा होतो. अगदी लहान पिल्लाचं कवच मुळातच थोडं लवचीक असतं. पण चार-सहा महिन्यांनीही ते मऊच राहिलं, तर त्याला वय कारण नाही.

यावर उपाय दोन. एक म्हणजे गॅलरीतलं थेट कोवळं ऊन, सकाळी अर्धा-पाऊण तास. पण टबाचा अर्धा भाग सावलीत हवा आणि कुणीतरी समोर बसायला हवं. उथळ प्लास्टिकच्या टबातलं पाणी मे महिन्यात बघता बघता तापतं आणि कासवाला पळायला जागा नसते. शिवाय कावळा आणि घार यांना रे रोडवर तोटा नाही. दुसरा उपाय म्हणजे अतिनील-ब किरणांचा दिवा. जून ते सप्टेंबर त्याला पर्याय नाही. हा दिवा दिसायला वर्षानुवर्षं जळत राहतो, पण त्याचे उपयोगी किरण सहा महिने ते वर्षभरात ओसरतात. तो वेळेवर बदलावा लागतो आणि त्याच्या आणि कासवाच्या मध्ये काच किंवा प्लास्टिक येऊ द्यायचं नाही. उबेसाठी वेगळा साधा बल्ब. त्याच्याखाली कासवाला पूर्ण कोरडं होऊन बसता येईल असा ओटा, तिथलं तापमान बत्तीस अंशांच्या आसपास, आणि पाणी पंचवीस-सव्वीस. कॅल्शियमसाठी माकुलाचं हाड पाण्यात तरंगत ठेवावं. जुन्या काष्ठौषधींच्या दुकानात ते समुद्रफेस म्हणून मिळतं. कासव ते कुरतडत बसतं.

मुंबईला थंडी नाही म्हणून हीटर कशाला, असा प्रश्न हमखास येतो. जानेवारीच्या पहाटे पारा पंधरा-सोळापर्यंत उतरतो आणि फरशीवरच्या टबातलं पाणी विशीच्या जवळ येतं. कासवाचं शरीर बाहेरच्या उष्णतेवर चालतं. पाणी गार झालं की पचन मंदावतं आणि प्रतिकारशक्तीही मंदावते. छातीच्या दुखण्याला याहून चांगली संधी नाही.

न्यूमोनिया झालेल्या कासवाची एक ठळक खूण असते. ते पाण्यात तिरकं तरंगतं. कासवाची फुप्फुसं पाठीच्या कवचाला आतून चिकटून, उजवी-डावीकडे पसरलेली असतात आणि पोहताना ती तोल राखायचं काम करतात. एका बाजूच्या फुप्फुसात पाणी किंवा घट्ट स्राव साचला, की ती बाजू जड होते आणि कासव तिकडे कलतं. बरोबर नाकातून बुडबुडे, मान लांब करून तोंड उघडून श्वास घेणं, शिट्टीसारखा आवाज, पाण्यात उतरायला नकार. त्याला आपल्यासारखं छाती-पोटामधलं स्नायूंचं पडदारूपी श्वासपटल नाही. पायांचे आणि पोटाचे स्नायू हलवून ते श्वास घेतं, त्यामुळे जोरात खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. आत गेलेलं आतच राहतं. पोटात वायू धरला तरी कासव तिरकं होतं, म्हणून एक्स-रे काढल्याशिवाय डॉक्टर बोलत नाहीत. तिरकं तरंगणारं कासव दिसलं की पाण्याची पातळी लगेच इतकी उतरवा की उभ्यानं नाक बाहेर राहील. पाणी अठ्ठावीस-तीस अंशांवर न्या आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हे दुखणं थांबायला तयार नसतं.

जखमांचं तसं नाही, त्या दिसतात. चाळीत कासवाच्या जखमेची कारणं ठरलेली. कठड्यावर ठेवलेला टब, पोरांच्या हातातून सुटणं, दाराशी आलेलं कुत्रं, आणि गल्लीत मोटारसायकलचं चाक.

कवचाबद्दल लोकांचा मोठा गैरसमज असा, की ते शिंपल्यासारखं वरून घातलेलं काहीतरी आहे, त्याला वेदना नसतात. कासवाचं कवच हा त्याचा सांगाडाच. पन्नास-साठ हाडं एकमेकांत गुंफून ते झालेलं असतं. पाठीचा कणा आणि बरगड्या त्यातच विरघळून गेलेल्या. हाडावर केराटिनच्या ढलप्या, म्हणजे आपल्या नखाचं द्रव्य, आणि दोन्हींमध्ये रक्तवाहिन्या नि मज्जातंतू असलेला जिवंत थर. कवचाला भेग गेली म्हणजे हाड मोडलं. दुखतं ते तसंच. आणि वरच्या कवचाच्या लगेच खाली फुप्फुस असल्यामुळे भेग खोल असेल तर ती थेट तिथवर जाऊ शकते.

अशा वेळी पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं? रक्त येत असेल तर स्वच्छ गॉझ किंवा धुतलेलं सुती फडकं हलकं दाबून धरायचं. माती-कचरा असेल तर सलाईननं अलगद धुवायचं, नसेल तर उकळून थंड केलेल्या पाण्यानं. पोव्हिडोन आयोडीन वापरायचंच असेल तर चहाच्या रंगाइतकं पातळ करून, आणि भेग खोल असेल तर काहीही ओतायचं नाही, कारण ते फुप्फुसात उतरेल. सुटलेला कवचाचा तुकडा फेकू नका, ओल्या गॉझमध्ये गुंडाळून बरोबर न्या. डॉक्टरांना तो परत बसवता येतो. मग कासवाला हवेसाठी भोकं पाडलेल्या खोक्यात, मऊ टॉवेलवर, सरळ ठेवायचं. उलटं नाही, उलटं ठेवलं की आतड्यांचा भार फुप्फुसांवर येतो. पाणकासव असलं तरी पाण्यात घालायचं नाही. खायला द्यायचं नाही. आणि खोक्यावर पातळ कापड बांधायचं, कारण मुंबईच्या माश्या. उघड्या जखमेवर माशीनं अंडी घातली तर दुसऱ्या दिवशी अळ्या दिसतात, आणि मग मोडलेल्या हाडापेक्षा त्या अळ्या काढण्यातच डॉक्टरांचा वेळ जातो.

काय करायचं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. फेव्हिक्विक, एम-सील, प्लंबरची पुट्टी यांतलं काहीही कवचाला लावायचं नाही. रे रोडजवळच्या दारूखाना या भागात हे सगळं दोन पावलांवर मिळतं आणि दुरुस्तीची सवय असलेल्या हातांना मोह होतो. पण घाण आत बंद करून वरून लिंपलं की पू आतच वाढत जातो. एके काळी डॉक्टरसुद्धा फायबरग्लास आणि इपॉक्सीनं कवच बुजवत असत. आता जखम आधी स्वच्छ होऊ देतात आणि तुकडे तारा, लहान स्क्रू किंवा बाहेरून चिकटवलेल्या धातूच्या पट्ट्यांनी जवळ आणून धरतात, म्हणजे मधली जखम धुता येते. वेदनाशामक, सलाईन, अँटिबायोटिक ही त्याची जोड. हाड जुळायला काही महिने लागतात, मोठी मोड असेल तर वर्ष-दीड वर्षही. पाणकासवाला या काळात बहुतेक वेळ कोरडं ठेवून दिवसातून थोडा वेळ, जखम झाकून, उथळ पाण्यात सोडतात. तेवढ्यात ते पाणी पितं, खातं आणि घाण करतं.

हळद भरणं हा आपला हमखास घरगुती उपाय. कवचाच्या भेगेत हळदीची पूड म्हणजे डॉक्टरांना आधी ती खरवडून काढावी लागते. कवच चमकावं म्हणून खोबरेल चोळणं त्याहून जुनं. त्यावर धूळ नि शेवाळ बसतं, तेवढंच. एक सूचना मात्र फार गंभीर आहे. कुत्र्याच्या गोचिडी-जंतांवर आयव्हरमेक्टिन सर्रास वापरतात आणि अनेक घरांत त्याची उरलेली बाटली असते. कासवांना हे औषध मारक आहे. थेंबभरही देऊ नये.

कवच पातळ, पारदर्शक पापुद्र्यांनी सुटत असेल तर घाबरू नये. वाढत्या स्लायडरच्या ढलप्या अशाच गळतात, त्या ओढून काढायच्या नाहीत. पण पांढरे-गुलाबी मऊ ठिपके, खड्डे आणि वास येत असेल तर ते कुजणं. खराब पाण्यात आणि ओटा नसलेल्या टाकीत ते होतं.

दोन अडचणी अशा येतात की घरात एकदम गोंधळ उडतो. मादी एकटीच पाळलेली असली तरी वयात आल्यावर अंडी धरते. घालायला ओली वाळू-माती मिळाली नाही तर ती अंडी अडतात. सैरभैर होऊन टाकी चढायचा प्रयत्न, मागचे पाय खरवडणं, मग अचानक सुस्ती ही त्याची खूण. दुसरी अडचण नराची. शेपटीखालून काळसर-जांभळा मांसल भाग बाहेर लोंबताना दिसतो. लोकांना वाटतं आतडं आलं. बहुधा ते त्याचं लिंग असतं आणि एरवी आपोआप आत जातं. नाही गेलं तर तो भाग ओला राहील असा ओल्या गॉझमध्ये धरून, इतर कासवांपासून वेगळं करून, तासाभरात डॉक्टरांकडे न्यावं. दुसरी कासवं चावा घेतात.

डॉक्टर कुठले? रे रोडवरून परळ जवळ आहे, आणि या दोन जागांचा काळही एकच आहे. ज्या लॉर्ड रे यांचं नाव या रस्त्याला मिळालं (आता तो बॅरिस्टर नाथ पै मार्ग) ते १८८५ ते १८९० मुंबईचे गव्हर्नर होते. त्याच दशकात सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला त्यांच्या पत्नीच्या नावानं बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचं रुग्णालय उभं राहिलं आणि १८८६मध्ये तिथेच मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. लालबाग-परळची माणसं या जागेला आजही बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. ट्रामचे घोडे आणि गाड्यांचे बैल गेले, नाव राहिलं. कासव कुठेही न्या, पण निघण्याआधी फोन करून सरपटणारे प्राणी तपासणारे डॉक्टर त्या वेळी आहेत का हे विचारा. कुत्र्या-मांजरांचा उत्तम डॉक्टर कासवाचा असेलच असं नाही.

कारण शास्त्रच वेगळं आहे. कासवाच्या मागच्या भागातलं रक्त हृदयाकडे परतण्याआधी मूत्रपिंडांतून जाऊ शकतं. म्हणून बरीच इंजेक्शनं पुढच्या पायात देतात, नाहीतर औषध अंगी लागण्याआधीच गळून जायचं किंवा मूत्रपिंडांना त्रास द्यायचं. काही अँटिबायोटिक्स दर दोन-तीन दिवसांनी एकदाच द्यावी लागतात, कारण शरीर ती फार हळू बाहेर टाकतं. ‘एवढी कमी औषधं?’ म्हणून कुणी मधल्या दिवशी जास्तीचा डोस देऊ नये. आणि ऊब हा उपचाराचाच भाग. गार कासवात औषध नीट फिरत नाही. हाताला गार लागणारं, न हलणारं कासव मेलं असं ठरवून टाकायची घाईही नको. हृदय इतकं सावकाश चालतं की डॉप्लरशिवाय ते कळत नाही. ‘मेलेली’ कासवं टेबलावर पाय हलवतात ती यामुळेच.

घरातल्यांच्या तब्येतीचंही पाहायला हवं. धडधाकट दिसणाऱ्या कासवाच्या पोटातही साल्मोनेला जंतू असू शकतात. अमेरिकेत पोरांमध्ये त्यापायी इतकी हगवण पसरली, की चार इंचांहून लहान कवचाची कासवं पाळण्यासाठी विकायला १९७५मध्ये तिथे बंदी घातली गेली. आपल्याकडे विकली जातात ती नेमकी याच मापाची. म्हणून वजनाचा काटा वेगळा, टाकीचं पाणी मोरीत ओतायचं, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नाही, आणि हात लावला की साबण. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा केमोथेरपी चालू असलेलं माणूस असेल, तर आजारी कासवाची शुश्रूषा दुसऱ्या कुणीतरी करावी.

हे सगळं झेपत नाही असं वाटलं तर तसं वाटण्यात गैर काही नाही. पण त्यावर तोडगा म्हणून कासव तलावात, विहिरीत किंवा देवळाच्या कुंडात सोडू नका. स्लायडर जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या आक्रमक जातींच्या यादीत आहे. युरोपीय संघानं १९९७मध्ये त्याची आयातच बंद केली. ते आपल्या पाणकासवांची जागा, अन्न आणि ऊन खायचे दगडसुद्धा बळकावतं, आणि आजारी असेल तर रोगही घेऊन जातं. अशा वेळी प्राणीमित्र संस्थांना विचारा किंवा मोठी टाकी असलेलं दुसरं घर शोधा.

आणि कासव घेऊन दवाखान्यात निघताना मोबाइलमध्ये टाकीचा एक फोटो घ्या, दिवा असेल तर त्याच्या खोक्याचा आणि खाद्याच्या डबीचाही. चांगला डॉक्टर कासव हातात घेण्याआधी हेच मागेल.